चढावर रेस का जाते? पेडलच्या सेन्सरची रेघ वाचताना

चढावर गाडी अचानक मरगळते. रेसचं पेडल पूर्ण दाबलेलं असतं, इंजिन चालू असतं, पण गाडी उचलत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी बाजूला घेऊन चावी बंद केली आणि पुन्हा सुरू केली की सगळं ठीक, आणि मग चार दिवस काहीच होत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर ‘अ‍ॅक्सिलरेटर पेडल पोझिशन सेन्सर’ अशी ओळ येते आणि मिस्त्री सांगतात, पेडल बदलावं लागेल. अशा वेळी गाडीमालक जो प्रश्न विचारतो तो अगदी रास्त आहे: स्कॅनरने नाव घेतलं म्हणजे पेडलच खराब आहे का?

बऱ्याचदा ते असतं. पण बऱ्याचदा नसतंही. नवीन पेडल बसवून, पैसे मोजून झाल्यावर तोच दिवा पुन्हा लागला, तर भाड्याच्या गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाचं नुकसान फक्त पेडलच्या किमतीएवढं राहत नाही, त्याचे धंद्याचे दिवस जातात. सुटा भाग बदलण्याआधी दोष डोळ्यांनी बघता येतो. त्यासाठीचं उपकरण म्हणजे ऑसिलोस्कोप, गॅरेजच्या भाषेत नुसता स्कोप. तो काय दाखवतो हे समजायचं तर आधी पेडलच्या आत काय चाललेलं असतं ते पाहायला हवं.

१. केबल गेली, वायरी आल्या

मारुती ८०० सारख्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत एक लोखंडी केबल जात असे. पाय दाबला की केबल ओढली जायची, हवेची झडप उघडायची आणि इंजिन वेग घ्यायचं. दोष असला तर तो हाताला लागायचा: केबल तुटायची, जाम व्हायची किंवा सैल पडायची.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या ७ सीरिज गाडीत ही केबल काढून विजेवर चालणारी झडप दिली. पुढच्या दोन दशकांत हीच पद्धत साध्या गाड्यांपर्यंत पोहोचली. भारतात एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. धुराचे इतके कडक नियम पाळायचे तर हवा आणि इंधन यांचा हिशेब संगणकाच्या हाती असणं भागच होतं.

आता पेडलचं काम एवढंच उरलं आहे: चालकाला किती ताकद हवी आहे ते कळवणं. ती मागणी इंजिनाच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीएमकडे जाते. पेट्रोल गाडीत ईसीएम छोट्या मोटरने हवेची झडप उघडतो, कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरमधून किती डिझेल सोडायचं ते ठरवतो. ब्रेक दाबलेला असेल किंवा चाक घसरत असेल, तर पायाची मागणी तो कमी करूनही मानतो.

इथे एक गल्लत वारंवार होते. पेट्रोल गाडीत हवेच्या झडपेवरही असाच एक सेन्सर असतो आणि त्याचे कोडही दिसायला सारखेच असतात. पेडलचा सेन्सर सांगतो ‘पाय किती दाबला’, झडपेचा सांगतो ‘झडप किती उघडली’. या प्रकरणात आपण फक्त पायाजवळच्या सेन्सरबद्दल बोलतो आहोत.

२. पेडलच्या आत

जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना मध्येच खर्रर्र आवाज यायचा, आठवतं? त्या बटणाच्या आत कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक जीभ सरकते. वर्षानुवर्षं फिरवून पट्टी जिथे झिजते तिथे जीभ क्षणभर अधांतरी होते, आणि खरखर ऐकू येते. अनेक गाड्यांच्या पेडलमध्ये हीच रचना आहे. पट्टीच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ. पाय दाबाल तशी जीभ वर सरकते आणि तिच्यावरचा व्होल्टेज वाढत जातो. ईसीएम तो व्होल्टेज मोजतो. रेडिओत जी खरखर कानाला ऐकू यायची, ती इथे ईसीएमला दिसते आणि गाडीची ताकद जाते.

पट्टी सगळीकडे सारखी झिजत नाही. शहराच्या गर्दीत पाय सतत पहिल्या पाव भागात खेळतो, तेव्हा तिथली पट्टी आधी जाते. दिवसभर हमरस्त्यावर एकाच वेगाने पळणाऱ्या गाडीची पट्टी मधल्या एका चिंचोळ्या जागी झिजते. ही गोष्ट पुढे रेघ वाचताना कामाला येणार आहे.

नव्या गाड्यांत बहुधा बिनस्पर्शाचे सेन्सर असतात. पेडलबरोबर एक चुंबक फिरतो आणि समोरची हॉल चिप त्याची दिशा ओळखून तसा व्होल्टेज देते. घासणारं काहीच नसल्यामुळे पट्टीची झीज इथे नाही. पण कपलर, वायर आणि अर्थ यांचे दोष दोन्हींना सारखेच छळतात. काही थोड्या गाड्यांत सेन्सर सरळ व्होल्टेज न देता चौकोनी ठोक्यांच्या रूपात माहिती पाठवतो. तिथे खालचे आकडे लागू नाहीत, पण विचाराची पद्धत तीच.

३. एका पायासाठी दोन सिग्नल

पेडलच्या कपलरमध्ये साधारण सहा वायरी असतात. त्या म्हणजे तीन-तीन वायरींचे दोन संच: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. एकच पेडल, पण आत दोन स्वतंत्र सेन्सर. कारण उघड आहे. एकच सेन्सर असता आणि तो बिघडून ‘पाय पूर्ण दाबला आहे’ असं सांगू लागला असता, तर ईसीएमने त्यावर विश्वास ठेवून गाडी सुसाट सोडली असती.

दोघांनी एकसारखंच बोलावं असंही ठेवलेलं नाही. एका सर्रास आढळणाऱ्या रचनेत पहिला सिग्नल पाय सोडलेला असताना सुमारे ०.७५ व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर ४ व्होल्टच्या आसपास असतो. दुसरा प्रत्येक क्षणी त्याच्या निम्मा, म्हणजे ०.३७ पासून २ पर्यंत. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा नियम आहे: दोन्ही सिग्नल समांतर चढतात आणि त्यांच्यात सुमारे ०.८ व्होल्टचं अंतर कायम राहतं. नियम कोणताही असो, हेतू एकच. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर दोन्ही सिग्नल सारखे होतील, नियम मोडेल आणि ईसीएमला ते लगेच कळेल.

एक छोटा हिशेब करून पाहू. पहिला सिग्नल २.४ व्होल्ट आहे. निम्म्याच्या नियमाने दुसरा १.२ हवा. तो ०.९ आला, तर दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे. कोण, ते ईसीएमला ठरवता येत नाही. म्हणून तो सावध पवित्रा घेतो: ताकद कमी करतो, दिवा लावतो, कोड नोंदवतो. चढावर गाडी मरगळली ती याच निर्णयामुळे. या स्थितीला लिंप मोड म्हणतात. चालकाला कितीही संताप आला तरी ही व्यवस्था त्याच्या जिवासाठीच आहे.

४. कोड काय सांगतो

पेडलच्या दोन सिग्नलना कोडांच्या यादीत ‘डी’ आणि ‘ई’ अशी नावं आहेत. पी२१२२ म्हणजे डी सिग्नल फार खाली, पी२१२३ म्हणजे फार वर. पी२१२७ आणि पी२१२८ हे तसेच ई साठी. पी२१३८ म्हणजे डी आणि ई यांचं जुळत नाही. पी२१३५ दिसला तर तो पेडलचा नाही, बहुधा हवेच्या झडपेवरच्या सेन्सरचा आहे.

यातला प्रत्येक कोड म्हणजे ईसीएमच्या दारात काय पोहोचलं याची नोंद. वाटेत काय घडलं ते कोडात नसतं. सिग्नल खाली गेला तो पट्टी झिजल्यामुळे, कपलरची पिन सैल झाल्यामुळे, वायर आतून तुटल्यामुळे, उंदराने कुरतडल्यामुळे की ५ व्होल्टच आले नाहीत म्हणून, या पाचही गोष्टींना कोड एकच येऊ शकतो. म्हणून ‘कोड पेडलचा, म्हणून पेडल बदला’ हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

५. मीटर कुठे अपुरा पडतो

मल्टिमीटर प्रत्येक गॅरेजमध्ये असतो आणि तो लावावाच. ५ व्होल्ट येतात का, अर्थ आहे का, हे त्याने लगेच कळतं. अडचण क्षणिक दोषाची आहे. साधा मीटर सेकंदाला दोन-चार वेळा आकडा बदलतो. तीन वेळा धरले तर दोन आकड्यांमध्ये ३३३ मिलिसेकंद जातात. समजा झिजलेल्या जागेवरून जीभ सरकताना सिग्नल जेमतेम ८ मिलिसेकंद पडतो. मीटर सरासरीच्या भाषेत बोलतो, त्यामुळे हा खड्डा त्याच्या आकड्यात विरून जातो.

स्कॅनरवरचे चालू आकडेही हळू येतात. त्यात आणखी एक मेख आहे. सिग्नलबद्दल शंका आली की ईसीएम तो बाजूला सारून आपला ठरलेला आकडा वापरतो, आणि काही गाड्यांत स्कॅनरवर तोच दिसतो. म्हणजे दोष हजर असताना पडद्यावर मात्र शांत, सरळ आकडा.

स्कोप व्होल्टेजची काळाबरोबर रेघ काढतो: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर व्होल्टेज. पण तोही आपोआप सगळं पाहत नाही. समजा पडद्यावर १० सेकंद मांडले आहेत आणि स्कोप तेवढ्या वेळात १ लाख ठिपके घेतो. मग दर ०.१ मिलिसेकंदाला एक ठिपका, आणि ८ मिलिसेकंदांच्या खड्ड्यात ८० ठिपके. खड्ड्याचा आकार अगदी स्वच्छ दिसेल. स्वस्तातला छोटा स्कोप त्याच १० सेकंदांत १००० ठिपकेच घेत असेल, तर दोन ठिपक्यांत १० मिलिसेकंद, आणि खड्डा त्यांच्या मधोमध निसटू शकतो. अशा वेळी पडद्यावर २ सेकंदच ठेवायचे. ठिपके २ मिलिसेकंदांवर येतात आणि खड्ड्यात चार तरी सापडतात. स्वस्त स्कोप टाकाऊ नसतो, त्याला किती वेळ बघायला सांगायचं तेवढं कळलं पाहिजे.

६. जोडताना

सगळ्यात आधी पायाजवळची चटई बघा. आपल्याकडे कंपनीच्या चटईवर दुसरी, तिच्यावर तिसरी रबरी चटई टाकायची सवय आहे. पेडल चटईत अडकून राहिलं असेल तर सेन्सर खरंच बोलत असतो.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन, इंजिन बंद. वायरिंगचा नकाशा हाताशी हवा. सहा वायरींपैकी कोणती कसली हे रंगावरून ओळखायला जाऊ नये, कारण रंग गाडीगणिक बदलतात. कपलर जागेवरच जोडलेला ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, वायरीला लागून बारीक पिन आत सरकवायची. वायरीच्या अंगात सुई टोचू नये. आज वाचन मिळतं, पण त्या छिद्रातून पावसाळ्यात ओल शिरते आणि काही महिन्यांत आतलं तांबं हिरवं पडतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर ते आणखी लवकर होतं. पिवळ्या कपलरना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात. आणि ५ व्होल्टच्या वायरीला चुकूनही बॅटरीचे १२ व्होल्ट लागू द्यायचे नाहीत, त्यात ईसीएम जळू शकतो.

स्कोपची काळी क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला. पहिला चॅनल पहिल्या सिग्नलवर, दुसरा दुसऱ्यावर. चार चॅनलचा स्कोप असेल तर तिसरा ५ व्होल्टवर आणि चौथा सेन्सरच्या अर्थवर. दर चौकटीला १ व्होल्ट. जोडणी डीसीवर असू द्या, कारण एसीवर ठेवली तर हळू बदलणारा सिग्नल रेघेतून नाहीसाच होतो.

आता पेडल हळूहळू, तीन-चार सेकंद घेऊन पूर्ण दाबा आणि तितक्याच सावकाश सोडा. घाईने दाबलं तर जीभ झिजलेल्या जागेवरून इतक्या झटक्यात जाते की खड्डा अरुंद होतो आणि चुकतो.

७. रेघ वाचणं

निरोगी पेडलच्या दोन रेघा दोन टेकड्यांसारख्या दिसतात, एक उंच आणि एक तिच्या निम्मी. चढ गुळगुळीत, उतार गुळगुळीत. ५ व्होल्टची रेघ वर सपाट, ४.९ ते ५.१ च्या दरम्यान. अर्थची रेघ तळाशी सपाट, शून्याला चिकटून. ती ०.१ व्होल्टच्या वर जाऊ लागली तर शंका घ्यावी.

आता दोषांकडे. पहिला प्रश्न: खड्डा पेडलच्या जागेशी बांधलेला आहे की नाही? समजा चढताना पहिला सिग्नल १.३ व्होल्टवर असताना रेघ एकदम तळाला जाऊन परत आली. उतरतानाही १.३ च्या आसपासच तोच खड्डा दिसला, पुन्हा दाबलं तरी तिथेच. हा पट्टीचा झिजलेला भाग. इथे पेडल बदलणं योग्य आहे, आणि आता ते पुराव्यानिशी बदललं जाईल. काही गाड्यांत सिग्नल तुटला की तो खाली न जाता वर ५ व्होल्टकडे झेपावतो. तो ईसीएमच्या आतल्या रचनेचा फरक आहे, अर्थ तोच.

खड्डे कुठेही येत असतील, पेडल स्थिर धरलं तरी येत असतील आणि वायरिंग हलवलं की वाढत असतील, तर पेडल निर्दोष असण्याची शक्यता मोठी. दोन्ही सिग्नल एकाच क्षणी पडले आणि त्याच क्षणी ५ व्होल्टची रेघही पडली, तर दोष आणखी मागे आहे. ईसीएमचे ते ५ व्होल्ट अनेक गाड्यांत इतर सेन्सरनाही वाटून दिलेले असतात. त्यातला एखादा शॉर्ट झाला की बिचारं पेडल त्याच्याबरोबर बदनाम होतं. अशा वेळी त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढायचे आणि ५ व्होल्ट कोणाच्या काढण्याने परत येतात ते बघायचं.

खड्ड्यांपेक्षा अवघड असतो तो हळूच सरकलेला सिग्नल. त्यात कुठेही तुटक रेघ नाही, दोन्ही टेकड्या गुळगुळीत, तरीही पी२१३८. नुसत्या डोळ्यांनी ‘निम्मा आहे की नाही’ हे कळत नाही. इथे स्कोपचं एक साधन वापरायचं, जे बहुतेक स्कोपवर असतं आणि फार थोडे लोक वापरतात: गणिताची रेघ. स्कोपला सांगायचं, पहिल्या सिग्नलमधून दुसऱ्याची दुप्पट वजा कर आणि उत्तराची तिसरी रेघ काढ. सगळं ठीक असेल तर पेडल वर-खाली होत राहिलं तरी ही रेघ शून्यावर आडवी राहते. टोयोटासारख्या रचनेत दुसऱ्यातून पहिला वजा करायचा, आणि रेघ ०.८ च्या आसपास आडवी हवी.

या रेघेचा आकार दोषाची जागा सांगतो, आणि म्हणूनच मला ती इतकी आवडते. हिशेब करून पाहू. पट्टीचा रोध ५००० ओहम धरा. पहिल्या सेन्सरच्या अर्थच्या पिनवर गंज चढला आणि २०० ओहमचा जादा रोध आला. आता ५ व्होल्ट ५२०० ओहममधून जातात आणि त्यातले सुमारे ०.१९ व्होल्ट गंजावरच उभे राहतात. सेन्सरचा तळच तेवढा वर उचलला जातो. पाय सोडलेला असताना जो सिग्नल ०.७५ होता तो ०.९१ होतो. पूर्ण दाबल्यावर मात्र ४ चे ४.०४, म्हणजे जवळपास जैसे थे. दुसरा सेन्सर शाबूत आहे, तेव्हा गणिताची रेघ पाय सोडलेला असताना ०.१६ ने वर उचललेली आणि पाय दाबाल तशी शून्याकडे येणारी दिसेल.

आता तोच गंज ५ व्होल्टच्या पिनवर आला असं समजा. तळ जागेवर राहतो, माथा खचतो. ०.७५ चे ०.७२, पण ४ चे ३.८५. गणिताची रेघ पाय सोडलेला असताना जवळजवळ ठीक आणि पूर्ण दाबल्यावर ०.१५ ने खाली. म्हणजे रेघ सुरुवातीला बिघडते की शेवटी, एवढ्यावरून अर्थ तपासायची की ५ व्होल्ट, ते कळलं. कपलर उघडण्याआधीच कोणत्या पिनकडे बघायचं हे माहीत असणं, याची किंमत स्टिअरिंगखाली उलटं पडून टॉर्च धरलेल्या माणसाला विचारावी. हॉल चिपचे सेन्सर जास्त करंट ओढतात, साधारण १० मिलिअँपिअर. म्हणून तिथे २० ओहमचा गंजसुद्धा असाच परिणाम घडवतो.

८. दोष समोर येतच नाही तेव्हा

गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते आणि रस्त्यावर बिघडते. यासाठी स्कोपला पहारा द्यायला लावता येतं. पहिला सिग्नल निरोगी असताना ०.७ च्या खाली कधीच येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. मग ट्रिगर, म्हणजे चित्र कधी पकडायचं याची अट, ०.५ व्होल्टवर, खाली येणाऱ्या कडेवर आणि एकदाच पकडायच्या स्थितीत ठेवायचा. आता गाडी कितीही पळवा, स्कोप काही दाखवत नाही. सिग्नल ०.५ च्या खाली गेला त्या क्षणी तो चित्र गोठवतो, त्या क्षणाच्या आधीचा आणि नंतरचा भाग धरून. दुसऱ्या सिग्नलसाठी ही पातळी ०.२ च्या आसपास ठेवायची. चालकाने रस्त्याकडेच बघायचं. स्कोप शेजारी बसलेल्याच्या हाती, आणि वायरी पेडलांपासून दूर बांधलेल्या.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा कॉमन रेल डिझेलची प्रवासी गाडी आहे. घाटात गिअर बदलताना कधीतरी ताकद जाते. कोड पी२१२७ आणि पी२१३८. पेडल आधीच एकदा बदलून झालं आहे. जागेवर उभी असताना दोन्ही रेघा स्वच्छ, गणिताची रेघ आडवी. म्हणजे नवं पेडल ठीक. दुसऱ्या सिग्नलवर ट्रिगर लावून फेरी मारली, आणि घाटात दुसरा गिअर टाकताना चित्र गोठलं: दुसरा सिग्नल ३० मिलिसेकंद शून्यावर. पहिला जागच्या जागी, ५ व्होल्ट सपाट, अर्थ सपाट.

म्हणजे प्रश्न फक्त एका वायरीचा. आता दोन चॅनल त्याच वायरीच्या दोन टोकांना लावायचे, एक पेडलच्या कपलरवर आणि एक ईसीएमच्या कपलरवर. एकच वायर, तेव्हा दोन्ही रेघा एकावर एक बसायला हव्यात. दोन्ही टोकं एकदम शून्यावर गेली तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. पेडलकडचं टोक शाबूत राहून ईसीएमकडचंच पडलं तर वायर मध्ये तुटलेली आहे. या गाडीत दुसरं घडलं, आणि क्लच दाबला की हमखास घडलं. वायरिंग क्लचच्या ब्रॅकेटजवळून जात होतं, त्याचा पट्टा निसटलेला होता. दर वेळी पाय दाबला की वायर वाकत होती. वरचं आवरण धड, आतले तांब्याचे केस जवळजवळ सगळे तुटलेले. तेवढा तुकडा बदलून, डाक लावून, वरून नळी चढवून, पट्टा पुन्हा बांधला की काम झालं. पेडलवर घातलेले पैसे मात्र परत येत नाहीत.

९. नासाने उघडलेलं पेडल

पेडलच्या सेन्सरवर जगातली सर्वांत गाजलेली तपासणी अमेरिकेत झाली. २००९ आणि २०१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी आल्या आणि लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. कारण म्हणून दोन यांत्रिक गोष्टी पुढे आल्या, चटईत अडकणारं पेडल आणि दाबल्यावर चिकटून राहणारं पेडल. पण विजेच्या भागातच दोष असेल तर? हे पाहायला अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेने नासाच्या अभियंत्यांना बोलावलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल जाहीर झाला. गाडीला धोकादायक वेग देईल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही.

मात्र तक्रार आलेल्या एका कॅमरी गाडीचं पट्टीवालं पेडल त्यांनी उघडलं, तेव्हा आत कथिलाचा एक अतिसूक्ष्म केस वाढलेला आढळला. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर असे स्फटिकाचे केस आपोआप उगवतात, हे अभियंत्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. या केसाने दोन सिग्नल एकमेकांना जोडले होते, सुमारे २४८ ओहमच्या रोधाने. म्हणजे ज्या दोघांनी एकमेकांवर स्वतंत्रपणे नजर ठेवायची, त्यांच्यातच पूल बांधला गेला होता. असं झालं की दोन्ही व्होल्टेज एकमेकांकडे ओढले जातात. स्कोपवर यातली एक रेघ खाली झुकलेली आणि दुसरी वर ओढलेली दिसेल, आणि मधलं अंतर आक्रसलेलं. वर सांगितलेली गणिताची रेघ इथेही सर्वांत आधी ओरडेल. म्हणूनच चावी बंद करून आणि कपलर काढून, पेडलच्या दोन सिग्नल पिनांमधला रोध मीटरने मोजायची सवय चांगली. पट्टीवाल्या पेडलमध्ये तो हजारो ओहम हवा. शे-दोनशे दिसला तर ते पेडल पुन्हा गाडीत बसवू नये.

१०. दुरुस्तीनंतर

कोड पुसायचा तो शेवटी, आधी नाही. पुसण्याआधी त्याच्याबरोबर साठवलेली माहिती, म्हणजे त्या वेळचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमान, उतरवून ठेवावी. दोष गारठ्यात येतो की गाडी तापल्यावर, हे त्यातूनच कळतं. नवं पेडल बसवलं असेल तर काही गाड्यांना पाय सोडलेली आणि पूर्ण दाबलेली जागा नव्याने शिकवावी लागते. त्याची पद्धत त्या त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असते आणि ती अंदाजाने करू नये. मग तीच सावकाश दाबण्याची चाचणी पुन्हा घ्यायची: दोन टेकड्या, आडवी गणिताची रेघ, आणि वायरिंग हलवत, क्लच आणि ब्रेक दाबत दोन-तीन मिनिटं.

हे शेवटचं चित्र साठवून त्याला गाडीचा नंबर आणि तारीख द्यावी. त्याच मॉडेलची दुसरी गाडी पुढच्या महिन्यात आली, तर निरोगी रेघ कशी दिसते हे शोधायला कुठे जावं लागत नाही. आणि गाडीमालकालाही ते चित्र दाखवावं, आधीचं आणि नंतरचं. त्याला व्होल्ट कळत नसले तरी खड्डा होता आणि आता नाही, एवढं त्याला नक्की दिसतं.